शिडीवाटा

पावसाळा तोंडावर आला की गावाला बोक्याची आठवण व्हायची. बाकीचं वर्षभर त्याला कुत्रं विचारत नसे, आणि त्याचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने मात्र तो राजा. धान्याच्या दुकानदारापासून शाळेतल्या मास्तरणीपर्यंत सगळे त्याच्या दारात, "आमचं घर आधी घे रे बाबा," म्हणून गळ घालायला. घरावरची कौलं उतरवायची, शेवाळ खरवडायचं, कौलांखालच्या सडलेल्या लाकडी रिपा काढून नव्या ठोकायच्या आणि कौलं परत जिथल्या तिथे बसवायची, थोडक्यात कौलं चाळायची, हे त्याचं काम. अंगाने काटकुळा, चालताना पावलांचा आवाज नाही. घरात बसलेल्या माणसाला डोक्यावर कोणी आहे हे कळायचंसुद्धा नाही. म्हणून बोका. खरं नाव मतदार यादीत होतं, तिथेच ते राहिलं.

बोका वर आणि बायको खाली, अशी त्यांची जोडी. तो दोन कौलं एकावर एक धरायचा, आवाज द्यायचा आणि सोडायचा. ती खाली हाताला गोणपाट गुंडाळून उभी. कौलं हातात येताच गुडघ्यात वाकून त्यांचा जोर घालवायची, वळायची, भिंतीला उभी लावायची आणि परत वर बघायची. दिवसभर मान वर. गाव तिला झेलकाकू म्हणत असे. तिच्या हातून कधी कौल फुटलं नाही असं मी म्हणणार नाही. फुटलं की चूक वरच्याची आहे हे ती इतक्या मोठ्याने सांगायची की पलीकडच्या गल्लीतही त्याबद्दल शंका उरत नसे.

या धंद्याला पगार नाही, रजा नाही. म्हातारपणाची सोय म्हणजे शिडीवाटा. ज्याने शिडी खाली ठेवली त्याची घरं पुढच्या माणसाकडे जातात, आणि तो पुढचा माणूस दर मोसमात आपल्या मजुरीतला एक वाटा त्याला घरी आणून देतो. तो जिवंत असेपर्यंत त्याला, तो गेला की त्याच्या बायकोला, तीही जाईपर्यंत. शिवाय तिच्या घराची कौलं फुकट चाळायची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी मोडल्याचंही ऐकिवात नाही. बोका आपल्या मामाच्या हाताखाली शिकला. मामाने शिडी ठेवली, चार पावसाळे बसून खाल्लं आणि तो गेला. तेव्हापासून वाटा मामीकडे. मामी काही गेली नाही. तिचे दात गेले, एका डोळ्याची नजर गेली, बरोबरीच्या सगळ्या बायका गेल्या. मामी आपली आहे तिथे आहे.

शेजारी निवृत्त पोस्टमन राहायचा. त्याला पहिल्या तारखेला पेन्शन यायचं आणि त्या दिवशी तो मुद्दाम ओट्यावर दाढी करायला बसायचा. बोका त्याला म्हणायचा, "तुझं सरकार, माझी शिडी. तुझं सरकार बदलतं तरी, माझी शिडी आहे तीच आहे." पोस्टमन हसायचा. त्या बोलण्यात बोक्याला केवढा धीर होता ते त्याच्या बायकोला माहीत होतं.

त्या वर्षी पहिलंच काम धान्याच्या दुकानदाराच्या गोदामाचं होतं. छप्पर उंच आणि उतार मोठा. ऊन असं की कौलाला हात लावला की तळवा मागे यावा. सकाळचे दोन तास काम नीट झालं. मग बोका आढ्याशी पोचला, आढं म्हणजे छपराची सगळ्यात उंच कड, आणि तिथली कौलं मोकळी करायला उकिडवा बसला. उठायला गेला तर उजवा गुडघा उघडेना.

"काय झालं?" खालून बायकोने विचारलं.

"काही नाही. थांब जरा."

ती थांबली. बराच वेळ थांबली. वरून कौल येईना.

"अहो, झोपलात की काय?"

"गुडघा अडकलाय."

गेल्या वर्षीही दोनदा अडकला होता. तेव्हा दोन्ही हातांनी पाय ओढला की खट्‌ आवाज होऊन सुटायचा. आज सुटला नाही. ओढायला गेला तसा तोल गेला आणि तो आढ्यावरून हातभर खाली घसरला. कौलं कडाकड फुटली. रस्त्यावरची माणसं थांबली. बोक्याच्या पायाखाली कौल फुटण्याचा आवाज गावाने ऐकलाच नव्हता, त्यामुळे आधी लोकांना वाटलं, पोरांनी दगड मारले.

शेवटी दुकानदाराचे हमाल वर चढले. त्यांना छपरावर चालता येत नव्हतं, त्यांच्या पायाखाली आणखी कौलं फुटली, आणि प्रत्येक आवाजाला बोका डोळे मिटून घेत होता. त्यांनी त्याच्या काखेतून दोर घातला, ज्या दोराने पोती उतरवतात तोच, आणि त्याला हळूहळू खाली सोडला. खाली दोघांनी झेलला. झेलकाकू पुढे झाली तर एक हमाल म्हणाला, "काकू, बाजूला व्हा, हे कौल नाहीये." लोक हसले. बोकाही हसला.

दुकानदार बाहेर आला. त्याने फुटलेल्या कौलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "फुटक्याचं राहू दे. ते माझ्याकडे लागलं." तो चांगल्या मनाने म्हणाला. पण इतक्या वर्षांत बोक्याला असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणायची वेळच आली नव्हती. तो मान खाली घालून बायकोच्या खांद्यावर हात टाकून घरी आला. पोस्टमन ओट्यावरून काही विचारायला उठला आणि परत बसला.

डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. "काम काय करता?" असं विचारलं. सांगितल्यावर तो म्हणाला, "करत होता असं म्हणा."

मुलाला फोन केला. मुलगा शहरात मोबाइल दुरुस्त करायचा, रस्त्याच्या कडेला काचेची पेटी मांडून. एका खोलीत तो, सून आणि दोन पोरं. "इकडे या ना दोघं," तो म्हणाला. "जागेचं बघू काहीतरी," तो पुढे म्हणाला. "बाबा, मी तरी कुठे खुर्चीत बसून खातोय? दुकान बंद तर चूल बंद."

"तू नको काळजी करूस," बोका म्हणाला. "आमचा शिडीवाटा आहे."

शिडी घ्यायला पुतण्या तयार होता. तो पंचक्रोशीत रंगकाम करायचा, उंचीवर चढायची सवय होती, आणि गेले दोन उन्हाळे तो मधूनमधून रिपा ठोकायला बोक्याच्या हाताखाली येत होता. स्वभावाने सरळ. त्याला आतबट्ट्याचा व्यवहार कळायचा, इतकाच काय तो त्याचा दोष. तो संध्याकाळी आला, ओट्यावर टेकला, काकूने दिलेलं पाणी प्यायला आणि ग्लास हातातच धरून बसला.

"काका, घरं किती राहिली हो कौलाची?"

"आहेत की."

"किती?"

बोका गल्लीकडे बघू लागला. निम्मी गल्ली पत्र्याची झाली होती. नवी घरं सगळी स्लॅबची. जी कौलाची उरली ती म्हाताऱ्यांची, आणि म्हातारे गेले की पोरं पहिलं काम कौलं विकायचं करत.

"मी वाटा देणार," पुतण्या म्हणाला. "त्यात काही हयगय नाही. पण दोन नाही देता येणार."

"दोन कुठले?" बोका म्हणाला.

पुतण्याने काकूकडे पाहिलं. काकूच्या आधीच लक्षात आलं होतं. तिच्या हातातली काडी तशीच राहिली, ती विस्तव पेटवायला वाकली होती.

"मामी आहेत ना अजून," पुतण्या हळूच म्हणाला.

खरी गोष्ट अशी की हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. या धंद्यात आजवर नेहमी आधीची माणसं जायची आणि मग पुढचा शिडीवरून उतरायचा. एका शिडीला एकच वाटा. तो एक वाटा अडलेला असताना दुसऱ्याने उतरायचं, असं कधी झालंच नव्हतं. बोक्याने मामीला दर मोसमाला वाटा पोचवला, एकदाही उशीर केला नाही, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आपण उतरू तेव्हा मामी असेल का, हा हिशेब त्याने कधी मांडला नाही. असा हिशेब मांडायचा म्हणजे तरी कसा? मामीच्या तब्येतीची चौकशी करून?

"अर्धा अर्धा करा," बोका म्हणाला.

"माझी ना नाही. पण मामींना कोण सांगणार? त्यांचं सगळं त्यावरच चालतं. मला नाही बुवा सांगता येणार. तुम्ही सांगा."

"मी?" बोका म्हणाला. "मामाने मला हाताला धरून वर चढवलं. त्याच्या बायकोला मी सांगू, तुझं ताट अर्धं कर?"

पुतण्या जाताना शिडी घेऊन गेला. दारातून निघताना ती चौकटीला आपटली, तर बोका बसल्या जागेवरून ओरडला, "अरे, मागचं टोक उचल! मागचं!" नंतर तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

चार दिवसांनी पुतण्या परत आला. त्याला खाली झेलायला माणूस मिळत नव्हता. त्याची बायको शिवणकाम करायची, तिने सरळ सांगितलं की माझी बोटं सुईसाठी आहेत. एक गडी ठेवून पाहिला, त्याने पहिल्याच दिवशी ढीगभर कौलं फोडली.

"काकू, तुम्ही येता का?" तो म्हणाला. "रोजाने. फुकट नाही."

बोका उठून बसला. "ती नाही यायची. तिचं वय झालं."

"माझं वय झालं आणि तुमचा गुडघा गेला," झेलकाकू म्हणाली. "खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी ती गोणपाट घेऊन निघाली. बोका दारात बसून तिला कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती कामाला चालली होती आणि तो घरी होता.

पुतण्याचा हात वेगळा होता. बोका कौल सोडायचा, हा फेकायचा. बोक्याचं कौल पोट वर करून यायचं, याचं वाकडंतिकडं, कड पुढे करून. पहिल्या तासातच तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं.

"सोड रे, फेकू नकोस!" ती ओरडली.

"सोडतोच आहे, काकू."

"याला सोडणं म्हणतात? कुणावर राग आहे तुझा?"

दुपारपर्यंत थोडं जमलं. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मान वर करून सूर्याकडे बघायचं, डोळ्यांपुढे काळं येतं, त्या काळ्यातून कौल येतं, ते पकडायचं. शेवाळाची वाळलेली भुकटी नाकात, तोंडात. खांद्यामागे एक शीर होती, ती दर वाकण्याला ओढली जाई. बोक्याबरोबर असताना तो मधेच, "दमलीस का गं?" असं विचारायचा आणि ती नाही म्हणायची. आता कोणी विचारत नव्हतं म्हणून दमणूक जास्त वाटत होती, असं तिला वाटलं.

संध्याकाळी पुतण्याने तिच्या हातावर रोजाचे पैसे ठेवले. ती तशीच उभी राहिली. इतकी वर्षं कौलं झेलली, पण झेलण्याचे पैसे असे तिच्या हातात कुणी ठेवले नव्हते. मजुरी घराची ठरायची आणि ती बोक्याच्या खिशात जायची. तिलाही ते वावगं वाटलं नव्हतं, घर तर एकच होतं. घरी जाताना ती मूठ आवळून चालली. तिला फार आनंद झाला होता. आणि मग वळणावर तिला एकदम राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. कुणाचा राग आला ते तिला सांगता आलं नसतं. बोक्याचा नव्हता, बहुतेक.

घरी बोक्याने तिच्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. स्वयंपाकही केला होता, भात करपला होता. तिने हात गरम पाण्यात बुडवले आणि तो समोर बसून नुसता बघत राहिला.

"कसा टाकतो?" त्याने विचारलं.

"येईल त्याला."

"पोट वर करून टाक म्हणावं."

"सांगितलं."

"मनगट फिरवायचं असतं. जरासंच. मी येऊन दाखवू का त्याला?"

"तुम्ही तिथे येऊ नका," ती म्हणाली. तिला खोचून बोलायचं नव्हतं, पण तसंच झालं. त्याने करपलेला भात खरवडून आपल्या ताटात घेतला.

असे दिवस जात राहिले. घरं होत होती. रोज मिळत होता, पण तो मोसमापुरता. पाऊस लागला की काम संपणार, आणि मग पुढचा उन्हाळा येईपर्यंत काय? बोका दिवसभर ओट्यावर बसून गुडघा चोळायचा. पोस्टमनशी तो हल्ली कमीच बोलायचा. एकदा पोस्टमन स्वतःहून म्हणाला, "अडचण असेल तर सांग रे," तर बोका म्हणाला, "आपली शिडी आहे," आणि आत निघून गेला.

झेलकाकूच्या मनात मात्र एक गोष्ट घर करून बसली. मामीच्या गल्लीवरून जाताना तिची नजर मामीच्या दाराकडे जाऊ लागली. दार उघडं दिसलं की तिला आत काहीतरी बुडाल्यासारखं व्हायचं. एके दिवशी सकाळी दार बंद दिसलं. तिचं काळीज लक्कन हललं, आणि ते भीतीने हललं नव्हतं. तेवढ्यात मामी मागच्या बाजूने काठी टेकत आली आणि म्हणाली, "काय गं, अशी काय बघतेस, भूत बघितल्यासारखी?" झेलकाकू काहीतरी पुटपुटून पुढे झाली. त्या दिवशी तिच्या हातून दोन कौलं सुटली आणि तिने पुतण्याला दोष दिला नाही.

मोसमाचं शेवटचं घर मामीचं. तसा रिवाजच होता. आकाश भरून येत होतं, हवा कोंदट झाली होती. पुतण्या वर चढला. मामी अंगणात खुर्ची टाकून बसली, मांडीवर काठी आडवी. हे घर फुकट करायचं, म्हणून आज रोज नव्हता. पुतण्याने सकाळीच सांगितलं होतं, "काकू, आजचं असंच हं." ती बरं म्हणाली होती.

"त्या कोपऱ्यातलं तिरकं बसलंय," मामी एका डोळ्याने वर बघत म्हणाली.

"बसवतो, मामी."

"माझ्या नवऱ्याने बसवलेलं कौल कधी तिरकं नसायचं. आणि ही रीप नवी घाल, कंजूषपणा नको. आणि ए, तू गं, भिंतीला इतकी टेकवून ठेवू नकोस, पोपडे निघतात."

झेलकाकूने हातातली कौलं खाली ठेवली. फेकली नाहीत, नीट ठेवली. पण मग ती कमरेवर हात देऊन मामीसमोर उभी राहिली.

"मामी, तुम्ही दिवसाला किती जेवता हो?"

"काय?"

"किती लागतं तुम्हाला? एकट्या आहात. मूलबाळ नाही. घर आहे. आम्ही दोघं आहोत, आणि आम्हाला काही नाही. यांचा गुडघा गेला. मी या वयात दुसऱ्याच्या हाताखाली झेलते, ही बोटं बघा. एका शिडीला एकच वाटा, आणि तो तुमच्याकडे. आम्ही कुठे जायचं?"

वर पुतण्या कौलावर बसून राहिला. त्याला खाली उतरता येईना आणि कामही करता येईना.

मामीने तिला नीट न्याहाळलं. "म्हणजे तू माझ्या मरणाची वाट बघतेस," ती म्हणाली.

झेलकाकूच्या तोंडून "छे छे" निघायला हवं होतं. जगात सगळे तसंच म्हणतात. पण तिच्या अंगात तेवढंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

"हो मामी," ती म्हणाली. "बघते."

म्हणाली आणि मटकन खाली बसली, कौलांच्या ढिगाशेजारी. तोंडावर गोणपाटाचे हात घेऊन रडू लागली.

मामीने काठीचं टोक पुढे करून झेलकाकूच्या हातांवरचं गोणपाट बाजूला सारलं.

"दाखव बोटं," ती म्हणाली. तिने स्वतःचा हात पुढे केला. तिच्या दोन बोटांची पेरं वाकून एकमेकांवर चढली होती. "मी पण खालीच उभी असायचे. मला कुणी दिलं काही? हा वाटा माझ्या नवऱ्याच्या चढण्याचा आहे. माझ्या झेलण्याचा नाही. झेलण्याला वाटा असता तर मी आज सावकारीण असते."

"मग सोडा अर्धा."

"नाही सोडणार," मामी म्हणाली. "अर्ध्यात मी मरेन, आणि अर्ध्यात तुम्हीही मराल. अर्धा करून कुणाचं पोट भरत नाही. वाटा एकच राहू दे. चूल एक करा."

झेलकाकूने पदराने डोळे पुसले.

"मला दोन खोल्या आहेत," मामी म्हणाली. "एकीत मी, एकीत तुम्ही. तुमचं घर याला द्या भाड्याने," तिने काठी वर केली, "याची बायको शिवणयंत्र कुठे ठेवते माहीत आहे का? पलंगावर. ए, घेशील ना रे भाड्याने?"

"घेईन की," वरून आवाज आला.

"फुकट नाही. भाडं वेळेवर. मला काही उमाळा आलाय असं समजू नकोस. मला रात्री उठता येत नाही, विहिरीवर जाता येत नाही, माझं मला रांधवत नाही. दोन पावसाळे मी हा विचार करतेय. पण तुमच्या दारात येऊन मीच म्हणायचं का? तुझा नवरा वाटा आणून देतो तो उंबऱ्याबाहेरूनच, मान खाली घालून, देवाला द्यावा तसा. एकदा आत येऊन बसला असता तर बोलले असते."

बोक्याने ऐकलं तेव्हा तो आधी नाहीच म्हणाला. "मामाच्या घरात आयतं जाऊन बसायचं? लोक काय म्हणतील? वाट्यासाठी म्हातारीला ताब्यात घेतली म्हणतील."

"म्हणू देत."

"आणि ते खोटं आहे का?"

"नाही," झेलकाकू म्हणाली. "थोडं खरंच आहे. पण रोज एकदा जेवायचं असतं, अहो."

पावसाच्या आधी सामान हललं. फार नव्हतंच. बोका पाय ओढत चालला, उशी काखेत धरून. पुतण्याची बायको शिवणयंत्र घेऊन उलट दिशेने आली आणि वाटेत झेलकाकूला वाट देऊन बाजूला उभी राहिली. पोस्टमन ओट्यावर उभा राहून सगळं बघत होता. "आता मी कुणाशी भांडू?" तो म्हणाला. बोका त्याला म्हणाला, "सरकारशी भांड."

एकत्र राहणं सोपं गेलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मोसमाचा वाटा पुतण्याने आणून दिला तो मामीच्या हातात, आणि मामीने तो उशाखाली ठेवला. मीठ संपलं तरी झेलकाकूला मामीपुढे जाऊन उभं राहावं लागे. "परवाच तर आणलं," असं मामी म्हणे आणि तरी देई. स्वतःच्या संसारात कधी कुणापुढे हात न पसरलेली बाई मिठासाठी हात पसरत होती. बोका घरात मामासमोर बसल्यासारखा अवघडून बसायचा, मामा भिंतीवरच्या फोटोत असला तरी. रात्री छपरावर पाऊस वाजायला लागला की तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "कोपऱ्यातलं तिरकंच बसलंय." गळत मात्र नव्हतं.

पण दोन वेळा चूल पेटत होती. भाड्याचे पैसे झेलकाकूच्या हातात येत, ते तिने स्वतःकडे ठेवले आणि मामीनेही ते कधी मागितले नाहीत. मामीचे पाय ती चेपायची, केस विंचरायची. मामी तिला शिव्या द्यायची, बोक्याला नाही. दिवस पावसात पुढे सरकत होते.

झेलकाकूला एक सवय लागली. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठायची, आणि चुलीकडे जायच्या आधी मामीच्या खोलीच्या दारात थांबायची. आत अंधार असायचा. ती कान देऊन उभी राहायची, श्वास ऐकू येईपर्यंत. एखाद्या दिवशी पावसाच्या आवाजात तो ऐकू यायचा नाही, तेव्हा ती जवळ जाऊन वाकायची आणि तळहात मामीच्या तोंडापुढे धरायची. ऊब लागली की तिच्या छातीवरचं ओझं उतरायचं. उतरायचं हे खरं. पण ते उतरलं की त्याच्या खाली आणखी काहीतरी शिल्लक असे, आणि त्याची तिला इतकी लाज वाटे की दिवसभर ती मामीला दोन घास जास्त वाढत राही.

श्रावणातल्या पाण्याने अंगण भरून गेलं होतं अशा एका सकाळी ती तशीच वाकली होती, तळहात पुढे धरून.

"आहे गं अजून," मामी डोळे न उघडता म्हणाली.

झेलकाकूने हात मागे घेतला. ती तिथेच उभी राहिली.

"रोज येतेस. रोज कळतं मला," मामी म्हणाली. "मी आहे म्हणून बघतेस की नाही म्हणून बघतेस, तुझं तुला तरी कळतं का?"

"नाही, मामी," झेलकाकू म्हणाली.

मामीने डोळे उघडले. बराच वेळ तिने त्या एका डोळ्याने झेलकाकूकडे पाहिलं, आणि मग पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"मग चहा ठेव," ती म्हणाली.